वाघबागेचा वाघमारे

वाघमारेच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाला आतून जीन्सच्या कापडाचं ठिगळ असायचं. शर्ट शाळेतला असो की लग्नातला, ठिगळ ठरलेलं. ते त्याची बायको लावायची. मैदानावर दिसलेली काच, खिळा, बाभळीचा काटा तो वेचायचा, सरळ खिशात टाकायचा आणि विसरून जायचा. मग खिसा फाटायचा आणि पेन गळून पडायचं. "माह्या नवऱ्याचा खिसा कापाची कोनाची हिंमत नाई," ती म्हणायची, "कापनाऱ्याचंच बोट कापीन."

धम्मपाल वाघमारे सरकारी मराठी शाळेत खेळाचा शिक्षक होता. आदिलाबादमध्ये आम्ही एकाच गल्लीत वाढलो, एकाच वर्गात शिकलो. पुढे मी शहराच्या उद्यान विभागात लागलो. बागा, मैदानं, झोपाळे, कुंपणं, त्यांच्या फाइली हे माझं काम. उन्हाळी शिबिरं आणि संध्याकाळचे खेळ चालवायला आमच्या विभागाने शाळेकडून एक माणूस मागून घेतला, आणि शाळेने वाघमारेला पाठवलं. मागणीचा अर्ज मीच लिहिला होता.

त्याच्याबद्दल चांगलं लिहायचं असं ठरवून बसलो, की आधी त्याच्या खोडीच आठवतात. माझी स्कूटर न्यायचा आणि टाकी कोरडी करून आणायचा. कॅरम खेळताना लबाडी करायचा, तीही दहा वर्षांच्या पोरांशी. पोरांनी पकडलं की म्हणायचा, "मी त तुमची नजर तपासून राह्यलो होतो." शिबिराचा अहवाल त्याने एकदाही वेळेवर दिला नाही. मी मागितला की दोन्ही हात वर करायचा, "सुधाकर, तूच लिही ना भाऊ, तुझं अक्षर चांगलं हाये." आणि मी लिहायचो. लोकांना तो या सगळ्यासकट आवडायचा. मी वेळ पाळतो, स्कूटर भरून परत करतो, कॅरममध्ये सरळ हरतो. मला लोक साहेब म्हणतात, काम सांगतात आणि निघून जातात.

ज्या बागेबद्दल मी सांगतोय ती आमच्या कॉलनीच्या मागे नाल्याला लागून आहे. तिथे आधी उकिरडा होता. उकिरडा हलवायला, कुंपण घालायला, झोपाळे आणि घसरगुंडी आणायला माझी काही वर्षं गेली. नावही मीच सुचवलं, 'हरित विहार बालोद्यान'. ते तेलुगूत, मराठीत आणि उर्दूत कमानीवर लिहिलं. उद्घाटनाला नेते आले, फीत कापली गेली. माझे वडील आले नाहीत.

ते आले नाहीत हेच खरं माझं दुखणं होतं. बाबांनी आयुष्यभर भाजी विकली. आई गेल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि आमच्या घराच्या दारात खुर्ची टाकून बसू लागले. दिवसभर तिथेच. मला वाटायचं, त्यांनी एकदा त्या बागेत यावं, मी काय केलं ते बघावं आणि काहीतरी म्हणावं. शाबासकी नकोच होती. 'बरं केलं' एवढं पुरलं असतं. मी अनेकदा म्हणालो, "बाबा, चला ना, पाच मिनिटांवर आहे." ते म्हणायचे, "बागेत जाऊन मी काय करू? झोका घेऊ?"

वाघमारे आला तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने चपला काढल्या, हातात घेतल्या, हात पाठीमागे बांधले आणि मान खाली घालून सगळी बाग तुडवली. मी हिरवळ लावली होती आणि 'गवतावर चालू नये' अशी पाटी उभी केली होती. तो पाटीसमोर बराच वेळ थांबला.

"सुधाकर, गवतावर चालाचं नाई त काय पोहाचं?"

"गवत टिकलं पाहिजे ना," मी म्हणालो.

"टिकीन. गवत कायी सरकारी नोकर नाई, रुसून बसाले."

माळी हसला. मीही हसलो. मग वाघमारे झोपाळ्याकडे गेला. पोट सुटलेला, मिशा काळ्या केलेला हा माणूस प्रत्येक झोपाळ्यावर बसून झोका घ्यायचा, घसरगुंडीवरून खाली यायचा, सी-सॉच्या एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाला मला बोलवायचा. आधी आपण बसायचं, मग लेकराला बसवायचं, असा त्याचा नियम होता. घसरगुंडीच्या कडेला पत्रा वर आला होता, हे त्याच्या पँटला कळलं. मी मात्र ती घसरगुंडी तपासून, सही करून घेतली होती.

त्याच्या गळ्यात कायम एक शिट्टी असायची. ती त्याने वाजवलेली मी कधी ऐकली नाही. एकदा विचारलं तर म्हणाला, "शिट्टी वाजली का पोट्टे थांबते. माह्या कामात थांबवाचं कोनाले हाये?"

आणि त्याचा तो प्रश्न. मोठं माणूस भेटलं, की नाव-गाव विचारण्याआधी वाघमारे विचारायचा, "तुमी लहान होते तवा काय खेळत होते?" पोलिसाला विचारायचा, भाजीवालीला विचारायचा. लोक आधी लाजायचे, मग सांगायचे, आणि सांगता सांगता त्यांचे हात हलू लागायचे. एका संध्याकाळी आमचे मोठे साहेब पाहणीला आले. हैदराबादकडचे, कमी बोलणारे. पोरांसाठी वाळूचा हौद करावा म्हणून मी त्यांच्याकडे फाइल पाठवली होती, ती दोनदा शेरा मारून परत आली होती. वाघमारेने त्यांना तेलुगूत तोच प्रश्न विचारला. साहेब म्हणाले, "गोलीलु." गोट्या. मग पँटची घडी सावरत खाली बसले, अंगठा मातीत रोवला आणि बोट ताणून दाखवलं. उठताना त्यांना जमिनीचा राग आला. म्हणाले, ही जमीन फार कडक आहे, इथे वाळू का नाही?

हौद झाला. फाइल माझी होती. लोक म्हणाले, वाघमारे सरांनी हौद करून घेतला.

हेवा कसा असतो, हे मला त्या काळात नीट कळलं. त्यात राग नसतो. रागाला काहीतरी कारण लागतं, आणि वाघमारे ते देत नसे. तो हौदाचं श्रेय मला द्यायचा, सगळ्यांसमोर द्यायचा, आणि त्यामुळे तो आणखी मोठा दिसायचा. मग रात्री मला वाटायचं, आपण किती कोते आहोत. आणि सकाळी तो दिसला की परत तेच.

नाल्याची गोष्ट मात्र पूर्णपणे माझी. त्या वर्षी पावसाळ्यात बागेमागचा नाला भरून वाहत होता आणि कुंपण एका जागी वाकलं होतं. लोकांना सावध करायला ऑटोवर भोंगा लावून गल्लीगल्लीत फिरवायचं ठरलं. मजकूर तेलुगूत आला. त्याचं मराठी करायचं काम माझ्याकडे होतं. तेलुगूत ओढ्याला 'वागु' म्हणतात. ऑफिसात इतकी वर्षं आम्ही तोच शब्द वापरतो, नकाशावर, फाइलीत, बोलण्यात. मला तो परका वाटेनासा झाला होता. मी लिहून दिलं, 'बागेच्या मागे वागु आहे. लहान मुलांना एकटे सोडू नये.'

भोंग्यात शेवटचा उकार गळाला. आणि आमच्याकडची माणसं बोलताना 'घ'चा 'ग' करतात. वाघाला वाग म्हणतात. शिवाय पैनगंगेपलीकडच्या जंगलातून आमच्या बाजूला खरोखरच वाघ येतात. हे सगळं मराठीच्या माणसाला सुचायला हवं होतं. मला सुचलं नाही.

दुपारपर्यंत अर्ध्या शहराला कळलं, की बागेमागे वाघ आहे. संध्याकाळी बागेत एक पोर नाही. जंगल खात्याची दोन माणसं येऊन चिखलातले पायाचे ठसे बघून गेली. ते कुत्र्याचे निघाले. चहाच्या टपरीवर लोक म्हणू लागले, "वाग आला त काय झालं, वाघमारे हाये ना आपल्यापाशी. त्याच्या आडनावातच बंदोबस्त हाये." मी शुद्धिपत्रक काढलं. 'वागु म्हणजे नाला असे वाचावे.' ते फाटकावर चिकटवलं. लोकांनी ते लांबूनच पाहिलं, कारण जवळ जायला कोणी तयार नव्हतं. काहींनी ते वाघ पकडल्याचं पत्रक समजलं, काहींनी न पकडल्याचं.

वाघमारेला मी खरं सांगितलं. तो पोट धरून हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "तू आता कायी खुलासा नको करू. चूक लय चांगली झाली हाये. वाया नको घालू."

दुसऱ्या दिवशी तो गल्लीत डफडं वाजवणारा घेऊन फिरला. "चला, वाग पाहाले चला." त्याच्यामागे पोरं, पोरांमागे त्यांना ओढायला निघालेल्या आया, आणि आयांमागे काय होतंय ते बघायला पुरुष. त्याने सगळ्यांना बागेच्या मागच्या कुंपणापर्यंत नेलं. पलीकडे गढूळ पाणी घुसळत चाललं होतं.

"हा पाहा," तो म्हणाला. "हा तुमचा वाग. आयका कसा गुरगुरून राह्यला. उन्हाळ्यात निजते, पावसाळ्यात उठते. पाय घसरला त धरते, अन् धरलं त सोडत नाई. याच्यापाशी एकट्यानं कोनी याचं?"

"नाई," पोरं म्हणाली.

"काऊन?"

"धरते."

एक म्हातारी पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "मास्तर, वागाले पाहाले आली अन् नाला पाहून चालली. घरी सुनेले काय सांगू?"

"सांगा, वागानं पाणी पाजलं."

त्यानंतर कुंपण दुरुस्त झालं आणि त्याच्यावर पोरांनी पिवळे-काळे पट्टे रंगवले. नाल्याकडे एकही पोर पुन्हा एकटं गेलं नाही, आणि बागेत गर्दी मावेना. कमानीवर तीन लिपींत लिहिलेलं, मी सुचवलेलं नाव आजही आहे. ते कोणी घेत नाही. ऑटोवाल्याला सांगायचं असेल तर 'वाघबाग' सांगावं लागतं. मी स्वतःही आता तेच सांगतो. मूळ चूक कोणाची होती, हे वाघमारेने कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कधी कधी वाटतं. निदान त्या नावात माझा वाटा तरी राहिला असता.

बाबांचं तसंच चाललं होतं. दारात खुर्ची, समोर रस्ता. एकदा वाघमारे माझ्याकडून अहवाल लिहून घ्यायला घरी आला. आत यायच्या आधी दारातच उकिडवा बसला आणि बाबांना म्हणाला, "काकाजी, तुमी लहान होते तवा काय खेळत होते?"

मी आत चहा सांगत होतो. बाबा म्हणतील, 'मले कुठं टाइम होता खेळाले,' अशी माझी खात्री होती. पण बाबा म्हणाले, "भोवरा."

मला हे माहीत नव्हतं. पन्नाशीला आलो होतो, आणि माझ्या बापाच्या हातात कधी भोवरा होता हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या वेळी वाघमारे निर्मळहून एक लाकडी भोवरा घेऊन आला. लाल-हिरवा, चकचकीत, तिथल्या खेळण्यांना असतो तसा रंग. बाबांनी तो हातात घेतला, तळहातावर झेलला आणि परत त्याच्या हातात ठेवला.

"हे शोकेसमधलं हाये, मास्तर. हलकं लाकूड. पाखरं करा, फळं करा याचे. भोवऱ्याले जड लाकूड लागते. हे फिरन काय, उडून जाईन."

"मले त कायी समजत नाई, काकाजी. दुकानदारानं देल्लं, मी घेतलं."

"देनाराले काय समजते, अन् घेनारालेही काय," बाबा म्हणाले, आणि खुर्चीतून उठले. चप्पल घातली. मी विचारलं, "कुठं निघालात?" ते म्हणाले, "सुताराकडं."

वाघमारेला लाकडातलं खरंच कळत नव्हतं, की त्याने मुद्दाम हलका भोवरा आणला होता, हे मी पुढे त्याला विचारलं. तो म्हणाला, "खरंच नाई समजत रे. तुझ्या बापानं मले बह्याड ठरवलं, पाच मिनिटांत." आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण दुसरी शक्यता मला सहन झाली नसती.

सुताराने बाभळीचा भोवरा करून दिला. बाबा रोज संध्याकाळी वाघबागेत जाऊ लागले. मी ऑफिसातून परत येताना कुंपणापाशी स्कूटर थांबवायचो. बाबा भोवऱ्याला दोरीची जाळी गुंडाळायचे, हात मागे न्यायचे, आणि तो भोवरा जमिनीवर पडून असा स्थिर फिरायचा, की फिरतोय हे समजू नये. मग ते तो तळहातावर उचलून घ्यायचे, आणि पोरांची गर्दी एक श्वास ओढायची. माझा मुलगाही त्या गर्दीत असायचा. वाघमारे सगळ्यांच्या मागे उभा राहायचा, हात बांधून. भोवरा उचलला की बाबा पहिल्यांदा त्याच्याकडे बघायचे.

मी बाहेर उभा होतो. माझी बाग होती, माझे वडील होते, माझा मुलगा होता. मला हवं होतं ते सगळं त्या कुंपणाच्या आत होतं. मी आत जाऊ शकत होतो, फाटक उघडं होतं. मी स्कूटर चालू करून घरी जायचो.

बाबा घरी येऊन म्हणायचे, "मास्तरनं बाग बेस केली रे." मी म्हणायचो, "हो."

मग वाघमारेला बढती मिळाली आणि त्याची गुडीहत्नूरकडच्या एका शाळेत बदली झाली. निरोपाच्या कार्यक्रमात मी बोललो. सगळे बोलतात तेच बोललो, आणि बोलताना आत कुठेतरी हलकं वाटत होतं. त्या हलकेपणाची मला अजून लाज वाटते. वाघमारे जाताना ती शिट्टी माझ्या गळ्यात घालून गेला. म्हणाला, "घे. वाजवू नको मात्र."

आता बाग पुन्हा माझ्याकडे आली, असं मला वाटलं. मी संध्याकाळी जाऊ लागलो. मी उभा राहिलो की पोरं आपोआप रांगेत यायची. नातवाला घेऊन आलेल्या एका आजीबाईंना मी धीर करून विचारलं, "आजी, तुम्ही लहानपणी काय खेळायच्या?" त्यांनी मला वरून खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "कोनती स्कीम हाये साहेब? आधार कार्ड घरी राह्यलं." मी म्हणालो, स्कीम नाही. त्या म्हणाल्या, "मंग कायले इचारता?"

बाबा थोडे दिवस गेले. फाटकातून आत डोकावायचे, मला बघायचे आणि विचारायचे, "मास्तर नाई आला?" मग हळूहळू भोवऱ्याची जाळी खिळ्याला अडकली ती तिथेच राहिली, आणि खुर्ची परत दारात आली.

यंदा निर्मळला नात्यातलं लग्न होतं. मी बाबांना घेऊन बसने निघालो. बाबा खिडकीशी होते. बस सुरू होताच त्यांना झोप लागली. गुडीहत्नूरपाशी बकऱ्यांचा मोठा कळप रस्त्यावर आला आणि बस जवळजवळ थांबलीच. डाव्या हाताला तारेचं कुंपण होतं, आत एक उघडं माळरान आणि पलीकडे शाळेची बसकी इमारत. माळावर कुणी नव्हतं. म्हणजे एकच माणूस होता. मान खाली, हात पाठीमागे, हातात चपला. चार पावलं चालला, वाकला, काहीतरी उचललं आणि खिशात टाकलं.

बाबांची मान माझ्या खांद्यावर होती. आई गेल्यापासून ते माझ्या इतक्या जवळ कधी बसले नव्हते. बकऱ्या अजून रस्त्यातच होत्या. मी काही केलं नसतं तर बस निघाली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. मला कळलं असतं, पण मला पुष्कळ गोष्टी कळतात आणि त्या मी सांभाळून राहतो.

"बाबा," मी म्हणालो. "उठा. तो पाहा कोण आहे."

ते दचकले, डोळे बारीक केले. मग सरळ झाले आणि खिडकीच्या काचेवर बोटांनी टकटक केली. वाघमारेने वर पाहिलं नाही. ड्रायव्हरने हॉर्न दिला तरी नाही. त्याचं सगळं लक्ष जमिनीत होतं.

"काच येचून राह्यला," बाबा म्हणाले.

बस निघाली. बाबा मान वळवून मागे बघत राहिले. मला त्यांची पाठ आणि टोपीची शिवण तेवढी दिसत होती. मला वाटलं, आता निर्मळपर्यंत मास्तरच. पण बराच वेळ गेल्यावर ते माझ्याकडे वळले आणि मी बाजारात नव्यानेच भेटलेला कोणी असावा, तसं माझ्या तोंडाकडे पाहू लागले.

"तू लहान होता तवा काय खेळत होता रे?"

प्रश्न वाघमारेचा होता. शब्दसुद्धा त्याचेच. तरी बाबांनी तो मला विचारला होता, आणि उत्तराची वाट बघत होते.

"लपाछपी," मी म्हणालो. "माझ्यावरच राज्य असायचं नेहमी."

"अन् लपत कोन होतं?"

"वाघमारे."

बाबा हसले. "गावत होता?"

"नाही," मी म्हणालो.